चटणी मस्त आहे, पण ऑनलाइन खपवायची कशी?

सध्या नागपुरात जो भेटतो तो मला एकच विचारून राहिला, "ऑनलाइन टाकलं की विकते का गं?" कोणाच्या घरी सावजी मसाला, कोणाची संत्रा बर्फी, खामल्याच्या एका काकूंच्या मूगवड्या, आणि सगळ्यांना वाटते की मार्केटप्लेसवर (ॲमेझॉन, मीशोसारख्या साइटीवर) अकाउंट उघडलं, एक फोटो टाकला की झालं, दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी सुरू. तर बाप्पा, तसं काही होत नाही. टाकलेला माल तिथं नुसता पडून राहते. इतवारीतल्या एखाद्या किराणा दुकानात तुम्ही नवीन माल ठेवला तर निदान दुकानदार तरी ओळखीच्या बाईला म्हणतो, "वहिनी, हे एकदा नेऊन पाहा, नाही आवडलं तं परत आणा." ऑनलाइन तुमच्या वतीनं असं बोलणारं कोणीच नाही. ते सगळं बोलणं तुम्हालाच लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या पेजवर, भरावं लागते, फोटोत, टायटलमध्ये, किमतीत, आणि ते भरून झाल्याशिवाय जाहिरातीवर एक रुपया घालू नये असं माझं मत आहे. भाऊ म्हणतो मी कंजूस आहे. असू दे.

आमचा माल म्हणजे जवसाची चटणी. हसू नका. विदर्भात ज्याच्या घरी जवसाची चटणी नाही ते घर मला दाखवा, आणि म्हणूनच पहिला प्रश्न हा होता की ही विकत घेईल कोण? वहिनीचं माहेर उमरेडकडचं, ती जवस लोखंडी कढईत थोडे थोडे भाजते, तडतडायला लागले की लगेच उतरवते, मिरची वेगळी, जिरं वेगळं, लसूण शेवटी, आणि मिक्सरला पार पीठ करत नाही, जरा दाणेदार ठेवते. घरी येणारा प्रत्येक जण डबा भरून न्यायचा, पैसे कोणी द्यायचं नाही (नातेवाइकाला फुकटच लागते आपल्याकडे), मग एक दिवस तीच म्हणाली, "ताई, एवढं करूनच राहिली मी, तं विकून पाहू का?"

सुरुवात बचत गटाच्या प्रदर्शनात टेबल लावून झाली. टेबलावरची विक्री सोपी, भाकरीच्या तुकड्यावर चटणी आणि वरून कच्चं तेल टाकून हातात दिलं की अर्धं काम झालं. पण नागपूरच्या बायका खाऊन मान डोलावायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे हो, पण आम्ही घरीच करतो." बरोबरच आहे, मीही तेच म्हटलं असतं. मग घेत कोण होतं? ज्यांचा मुलगा पुण्याला आहे, पोरगी बंगलोरला आहे, असे आईबाप. "चार पाकिटं द्या, पोराला पाठवायची आहेत." आणि पाठवायची कशी, तर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ डबा द्यायचा, त्याचा नंबर पोराला द्यायचा, पोरानं पहाटे पुण्यात कुठल्यातरी चौकात उभं राहायचं. अर्ध्या नागपूरचा फराळ असाच जातो पुण्याला. तिथं माझं डोकं चालू झालं, की आपलं गिऱ्हाईक नागपुरात नाहीच. ते पुण्याच्या हिंजवडीत आहे, बंगलोरच्या व्हाइटफिल्डला आहे, हैदराबादच्या गचीबोवलीत आहे, पीजीत राहून मेसचं फिक्कं वरण खाऊन राहिलं, आणि जवसाची चटणी म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरजच नाही.

नवीन वस्तूची मोठी भानगड हीच असते की जे लोकांना माहीतच नाही ते कोणी सर्च करत नाही. म्हणून आधी ज्यांना माहीत आहे त्यांच्यापर्यंत जायचं, त्यांच्या ऑर्डरींवर लिस्टिंग जरा चालती व्हायची, आणि मग अनोळखी लोकांकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की पैसे जातात. मार्केटप्लेसचा हिशेब सरळ आहे, जी वस्तू पाहून लोक खरंच विकत घेतात ती वस्तू तो वर दाखवतो, आणि जी उघडून लोक निघून जातात ती खाली जाते. म्हणजे चुकीची गर्दी आणणं हे गर्दी न आणण्यापेक्षा वाईट.

लायसन्सचं पटकन सांगते, कारण त्यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. एफएसएसएआयचं (खाण्याच्या मालावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बेसिक रजिस्ट्रेशन आम्ही केलं तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाचे १०० रुपये होते, १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. पाकिटावर एमआरपी, वजन, ग्रॅममागे किती रुपये पडतात ते, पॅकिंगची तारीख, हिरवा ठिपका, पत्ता, तक्रारीसाठी नंबर, सगळं लागते. जीएसटीचं मात्र नीट समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना आपल्याच राज्यात मार्केटप्लेसवरून माल विकायला जीएसटी नंबर लागत नाही, पोर्टलवर नुसतं एनरोलमेंट करून चालते, पण पुण्याच्या पोराला पाठवायचं तर ठीक, बंगलोर-हैदराबादला पाठवायचं म्हटलं की नंबर घ्यावाच लागतो. आमचं गिऱ्हाईकच तिकडे, म्हणून घेतला. आणि पेमेंट आल्यावर "पैसे कमी आले" म्हणून घाबरू नका, नंबर असला की मार्केटप्लेस ०.५ टक्का टीसीएस (विक्रीच्या पैशातून आधीच कापलेला कर) कापतो (आधी १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा झाला), तो जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात, कॅश लेजरमध्ये दिसतो, बुडत नाही. मी अकाउंट्सचं काम करते म्हणून हे मला सोपं वाटते, वहिनीला मात्र अजूनही वाटते की कोणीतरी आपले पैसे खाऊन राहिलं.

आता जवसाची गंमत. जवसात जवळपास ४० टक्के तेल असते आणि ते तेल लवकर खवट होणाऱ्यातलं. अख्खे जवस महिनोन्‌महिने टिकतात, पण एकदा भाजून कुटले की हवा, उजेड, गरमी तिन्ही त्यांचे दुश्मन. आणि आपल्या इथं मे महिन्यात पारा ४५ वर, बंद टेम्पोत पार्सल दुपारभर उभं. म्हणून पारदर्शक पाकीट पहिल्याच झटक्यात रद्द झालं, आतून ॲल्युमिनियमचा थर असलेला पाऊच घेतला, महाग पडतो पण तेलाचे डाग बाहेर येत नाहीत. बेस्ट बिफोर तीन महिने ठेवली. तीन महिने म्हटल्यावर दुसरी अडचण, २०२४ च्या शेवटी एफएसएसएआयनं ऑनलाइन कंपन्यांना सांगून ठेवलं आहे की ग्राहकाच्या हातात माल पडेल तेव्हा त्याची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस तरी शिल्लक पाहिजेत. म्हणजे मार्केटप्लेसच्या गोदामात पेट्या भरून ठेवणं आमच्यासारख्यांच्या कामाचं नाही, तिथं माल पडून राहिला आणि मुदत सरकली की तो विकायचाच बंद. गोदामातून पाठवलं की डिलिव्हरी लवकर होते, पेजवर तसा बॅज दिसतो, विक्री वाढते हे सगळं खरं आहे, मसाल्यावाल्यांनी जरूर करावं. आम्ही घरूनच पाठवतो, कुरिअरवाला घेऊन जातो, आणि वहिनी दर आठवड्याला थोडी थोडी ताजी करते. हीच गोष्ट मग आम्ही फोटोवर लिहिली, "दर आठवड्याला ताजी कुटलेली", त्याचा फायदा झाला.

फोटो. यावर मी जितका वेळ घातला तितका बाकी कशावरच नाही. मेन फोटोची पार्श्वभूमी पांढरी पाहिजे आणि वस्तूनं फ्रेम ८५ टक्के भरली पाहिजे असा ॲमेझॉनचा नियम आहे, बाकीच्या साइटींचंही साधारण तसंच. झूम चालायला फोटो १००० पिक्सेलच्या वर लागतो. हे सगळं ठीक, पण जवसाची चटणी फोटोत काढून पाहा, मातीसारखी दिसते! कितीही महागडा मोबाइल आणा. फोटोग्राफरनं वाटीत भरून, बाजूला लसणाच्या पाकळ्या ठेवून काढली, तरी माती. शेवटी वहिनीनंच सोडवलं. तिनं ज्वारीची गरम भाकरी घेतली, त्यावर चटणी, मधे बोटानं खळगा करून तेल ओतलं, बाजूला कांदा फोडून ठेवला, बुक्कीनं फोडलेला, चाकूनं कापलेला नाही. तो फोटो दुसऱ्या नंबरवर टाकला. ज्याला माहीत आहे त्याच्या तोंडाला तो पाहूनच पाणी सुटते आणि ज्याला माहीत नाही त्याला कळते की हे खायचं कसं. तिसऱ्या फोटोत पाकिटाची मागची बाजू, घटक पदार्थ वाचता येतील अशी. चौथ्यात पाकीट हातात धरलेलं, कारण २०० ग्रॅम म्हणजे नेमकं केवढं हे लोकांना स्क्रीनवर समजत नाही आणि मग "लहान निघालं" म्हणून एक स्टार देतात. आणि सगळे फोटो मोबाइलवर पाहायचे, लॅपटॉपवर नाही. घेणारा बसमध्ये उभा राहून अंगठ्यानं सरकवत पाहून राहिला आहे, त्याला पाकिटावरचं बारीक अक्षर दिसणार आहे का?

टायटलमध्ये आधी ब्रँडचं नाव, मग वस्तू, मग वजन आणि किती पाकिटं. आमच्या ब्रँडला कुत्रंही ओळखत नाही, तरी ते आधी टाकावं लागते. जवस, अळशी, फ्लॅक्ससीड, असे वेगवेगळे शब्द लोक टाकतात, त्यातले दोन टायटलमध्ये बसवले, बाकीचे गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या सर्च टर्मच्या रकान्यात. मला टायटलमध्ये "भिवापुरी मिरची घातलेली" असं टाकायचं फार मन होतं, मिरची खरंच भिवापूरकडचीच येते, पण भिवापुरी मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, ते नाव मालावर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, म्हणून सोडून दिलं. ज्यांच्याजवळ नोंद असलेला पुरवठादार आहे त्यांनी आधी कागद पाहून घ्या.

आणि तब्येतीचे दावे! जवस म्हटलं की ओमेगा ३, आणि ओमेगा ३ म्हटलं की आमच्या घरातले सगळे डॉक्टर. भाचा म्हणे, "लिही ना आत्या, कोलेस्टेरॉल कमी करते, हार्टसाठी रामबाण, धडाधड विकेल." धडाधड विकलंही असतं कदाचित. पण खाद्यपदार्थ रोग बरा करतो असं म्हणायला २०१८ च्या एफएसएसएआयच्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनी बंदी आहे, आणि पेजवर असं लिहिलं की मार्केटप्लेसचं मशीन लिस्टिंगच बंद करून टाकते, मग महिनाभर ईमेल ईमेल खेळत बसा. त्यापेक्षा मला दुसरंच खटकलं. दिवसाला एक चमचा चटणी खाणाऱ्या माणसाला आपण औषध विकतो आहोत असं दाखवलं तर तो औषधासारखंच वागेल, पंधरा दिवसांनी म्हणेल फरक नाही पडला. चटणी ही चटणी म्हणूनच विकावी. जेवणात चव नसेल तेव्हा खायची वस्तू.

आता खरा विषय, पैसा. इथं बहुतेक लोक गंडतात, कारण "एमआरपी वजा खर्च" एवढाच हिशेब करतात. समजा २०० ग्रॅमचं एक पाकीट तुम्ही १६९ ला लावलं. त्यातले साधारण ८ रुपये जीएसटीचे, ५ टक्क्यानं धरले तर. शिपिंग आणि बाकी फी मिळून समजा ६५. माल आणि मजुरी ४५, पाऊच, स्टिकर, खोका मिळून १५. उरले ३६. वाटते की वा, पाकिटामागे ३६! आता यात जाहिरात घाला. मार्केटप्लेसवरची स्पॉन्सर्ड जाहिरात क्लिकवर चालते, कोणी पाहिलं त्याचे पैसे नाहीत, कोणी दाबलं की पैसे. समजा क्लिकला ५ रुपये पडले आणि दाबणाऱ्या बारा जणांमागे एकानं घेतली, तर एका ऑर्डरीला ६० रुपये जाहिरात. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे तुम्ही घरचे २४ रुपये घालून लोकांना चटणी खाऊ घालून राहिले. जितकं जास्त विकाल तितकं जास्त बुडाल, आणि डॅशबोर्डवर ग्राफ मात्र वर जाताना दिसणार, छान हिरवा.

म्हणून एक पाकीट विकायचंच नाही. कुरिअरच्या वजनाचे टप्पे असतात, पहिला टप्पा साधारण ५०० ग्रॅमचा. एक पाकीट पाठवा की दोन, पैसे तेवढेच. दोन पाकिटं ४०० ग्रॅम, पॅकिंग धरून साडेचारशेच्या आसपास, टप्प्यात बसलं. तीन केली की वर गेलं. म्हणून दोनचा जोड, २९९ ला. जीएसटी १४, फी-शिपिंग तेच ६५, माल ९०, पॅकिंग २५, उरले १०५, त्यातून जाहिरातीचे ६० गेले तरी ४५ हातात. २९९ का, तर २०२५ मध्ये ॲमेझॉननं ३०० च्या खालच्या बऱ्याच कॅटेगरींत रेफरल फी, म्हणजे विक्रीमागचं कमिशन, शून्य केली, मीशोवर तर २०२१ पासून कमिशन शून्य आहे, पण शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नाही हे डोक्यात ठेवा, शिपिंग आणि बाकीच्या फी असतातच आणि रेट कार्ड सारखं बदलत असते, माझे आकडे नुसते समजायला आहेत, तुमचे तुम्ही काढा. (आपण झिरो माइलवाले, देशाच्या मधोमध, पण कुरिअरच्या रेट कार्डात त्याला काडीची किंमत नाही. शहराबाहेर, झोनबाहेर गेलं की नॅशनल रेट, बस.)

खोक्याचंही माप घ्या. कुरिअर नुसतं वजन करत नाही, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे आणि खरं वजन यात जे जास्त ते धरतो. २० बाय १५ बाय १० चा खोका घेतला तर ३००० भागिले ५०००, म्हणजे ६०० ग्रॅम, माल साडेचारशेचा असला तरी! तोच खोका ८ सेंटिमीटर उंचीचा घेतला की ४८०, आत बसला. गांधीबागेत खोकेवाल्याजवळ मी टेप घेऊन गेली तर तो म्हणे, "मॅडम, साडी ठेवायची का?"

आता जाहिरात. हे सगळं जमल्यावर, आणि ओळखीपाळखीच्या बाहेरच्या थोड्या ऑर्डरी आल्यावर आम्ही जाहिरात लावली. त्याआधी काय केलं, तर लिंक पाठवली. पुण्या-बंगलोरच्या नागपूरकरांचे जे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, शाळेच्या बॅचचे, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलचे, त्यात एकेका ओळखीच्या माणसानं टाकली. आम्ही लिहूनच दिलं होतं, दोन ओळी, भाकरीचा फोटो आणि लिंक. फॉरवर्ड वाटू नये म्हणून प्रत्येकाला म्हटलं की तुझ्या भाषेत बदलून टाक. एकानं लिहिलं, "भाऊ, आईच्या हातची नाही, पण आईले फोन करून सांगाव वाटन अशी आहे." हे मला स्वतःला सुचलं नसतं. त्या एका ग्रुपमधून सगळ्यात जास्त ऑर्डरी आल्या.

जाहिरातीत आधी ऑटोमॅटिक कॅम्पेन लावायचं, रोजचं बजेट अगदी कमी ठेवून. त्यात तुम्ही कीवर्ड देत नाही, मार्केटप्लेस स्वतःच ठरवतो कुठल्या सर्चवर दाखवायचं. हे वाया जाते असं वाटते, पण ते पैसे माहितीचे आहेत. दोन आठवड्यांनी सर्च टर्मचा रिपोर्ट डाउनलोड करा आणि चहा घेऊन बसा, मनोरंजन आहे. आमच्या चटणीवर कोण क्लिक करून राहिलं होतं माहिते का? केसांना लावायला अळशीचं जेल शोधणाऱ्या बायका! अळशीच्या बिया शोधणारे, अळशीचं तेल शोधणारे, अळशीच्या कॅप्सूल. एका क्लिकचे पाच रुपये, उघडून पाहतात, चटणी दिसते, निघून जातात. त्यांची काय चूक. हे सगळे शब्द निगेटिव्हमध्ये टाकले, म्हणजे त्या सर्चवर आमची जाहिरात दाखवूच नको, जेल, हेअर, ऑइल, कॅप्सूल, बिया, आणि खर्च एकदम खाली आला. उलट "भाकरीसोबत खायची चटणी", "शेंगदाणा चटणी", "लसूण चटणी", "सोलापुरी चटणी" असं शोधणारे लोक घेत होते. मग हेच शब्द आपण स्वतः निवडून दिले, म्हणजे मॅन्युअल कॅम्पेन. ज्याला शेंगदाण्याची चटणी पाहिजे त्याला जवसाची दाखवली तर तो म्हणतो, बरं, ही पण पाहू. जवसाचं नाव घेऊन येणाऱ्यापेक्षा चटणीचं नाव घेऊन येणारा कामाचा, हे मला रिपोर्ट पाहिल्याशिवाय कधीच कळलं नसतं.

मोठ्या सेलच्या दिवसांत आम्ही जाहिरात बंद ठेवतो. तेव्हा मोठ्या कंपन्या बोली चढवतात, पाचचा क्लिक कुठल्या कुठे जातो, आणि तसंही दिवाळीत वहिनी चिवडा-अनारशांत असते, चटणी कुटायला तिला वेळ नाही.

रिव्ह्यूबद्दल भांडण झालं घरात. भाचा म्हणाला हॉस्टेलची पोरं आहेत, पाच-पाच स्टार देतील, समोसा खाऊ घातला की झालं. नाही म्हणजे नाही. घरच्यांनी, मित्रांनी रिव्ह्यू लिहिणं, पैसे किंवा गिफ्ट देऊन लिहून घेणं, हे मार्केटप्लेसच्या नियमात बसत नाही, अकाउंट जाते, आणि २०२२ पासून तर ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएस १९००० नावाचं स्टँडर्डही आहे. नियम सोडा, त्या पोरांनी लिहिलं काय असतं, "नाइस प्रॉडक्ट". त्याला कोण भुलते आजकाल? ॲमेझॉनवर ऑर्डरीच्या पानावर रिव्ह्यू मागायचं बटण असते, डिलिव्हरीनंतर ५ ते ३० दिवसांत दाबता येते, तेवढं मी नेमानं दाबते. आणि पाकिटासोबत एक चिठ्ठी, त्यात "पाच स्टार द्या" वगैरे काही नाही, नुसतं खायचे चार प्रकार, दह्यात कालवून, गरम भातावर तुपासोबत, भाकरीवर तेल घालून, आणि वांग्याच्या भाजीत शेवटी एक चमचा. बंगाली बाई की कोण होत्या कोलकात्याच्या, त्यांनी रिव्ह्यूत लिहिलं की त्या मुरमुऱ्यात घालून खातात. वहिनीनं त्या दिवशी आम्हाला संध्याकाळी तेच खाऊ घातलं. वाईट नव्हतं.

एकानं लिहिलं, "कडवट लागते." एक स्टार. वहिनी दोन दिवस गप्प. मी त्याला उत्तर लिहिलं की भाजलेल्या जवसाला किंचित कडसर चव असतेच, पण खवट वास येत असेल तर बॅच नंबर पाठवा, पैसे परत देऊ. त्यानं बॅच नंबर पाठवला नाही. पण तेव्हापासून वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की चव भाजकी, किंचित कडसर आणि तिखट. ज्याला ते नको तो घेत नाही, आणि न घेणं हे एक स्टारपेक्षा केव्हाही बरं.

आता पुढचा वाद तिळाच्या चटणीचा चालू आहे. वहिनी म्हणते ती त्याच लिस्टिंगखाली दुसरा फ्लेवर म्हणून टाक, म्हणजे जुने रिव्ह्यू तिलाही दिसतील आणि नवीन मालाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मुद्दा बरोबर आहे तिचा, व्हेरिएशनमध्ये (एकाच लिस्टिंगखालच्या प्रकारांत) बऱ्याचदा रिव्ह्यू एकत्र दिसतात. पण मग जवसाला "कडसर" म्हणणाऱ्याचा एक स्टार बिचाऱ्या तिळालाही चिकटणार, आणि तीळ स्वस्त नाहीत, तिथं दोनचा जोड २९९ मध्ये बसतच नाही. मी म्हटलं, आधी १०० ग्रॅम तीळ आणि ३०० ग्रॅम जवस असा एक जोड करून पाहू, वजनाच्या टप्प्यात बसते आणि ज्याला तीळ आवडले तो पुढच्या वेळी शोधत येईल. वहिनी म्हणे, "१०० ग्रॅमचा पाऊच वेगळा छापावा लागन ना ताई, त्याचा खर्च कोण देईन?" तर सध्या पाऊचवाल्याच्या कोटेशनची वाट पाहून राहिलो, तो म्हणतो कमीत कमी पाच हजार नग घ्या.